फ्युएल मॉड्यूल घरच्या संगणकाला जोडताना

मी घेतलेल्या जुन्या मोटारसायकलच्या सीटखाली आधीच्या मालकाने बसवलेले फ्युएल मॉड्यूल आहे. डायनोजेटचे पॉवर कमांडर किंवा बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे पॉवरट्रॉनिक या जातीचेच हे उपकरण असून, गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) इंजेक्टरला, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या भागाला, जो इशारा देतो तो मधेच घेऊन इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ ते ठरलेल्या टक्क्यांनी वाढवते किंवा घटवते. आधीच्या मालकाने फ्री-फ्लो, म्हणजे धूर कमी अडवणाऱ्या, सायलेन्सरसाठी पेट्रोल वाढवून घेतले होते. मी कंपनीचा सायलेन्सर परत बसवला, पण मॉड्यूलमधले आकडे जुनेच राहिल्यामुळे सिग्नलला थांबल्यावर कच्च्या पेट्रोलचा वास येऊ लागला आणि ॲव्हरेजही घसरले. आकडे पाहायचे तर मॉड्यूल संगणकाला जोडणे भाग होते.

नागपूरच्या मानेवाड्यातले आमचे घर पहिल्या मजल्यावर आहे, गाडी खाली उभी असते आणि संगणक डेस्कटॉप आहे. यूएसबीची साधी केबल पाच मीटरपलीकडे भरवशाची नसते, म्हणून वरून लांब केबल सोडण्याचा विचार सोडून सीपीयू आणि मॉनिटरच खाली आणले. मॉड्यूलला जुन्या डिजिटल कॅमेऱ्यासारखे मिनी यूएसबीचे तोंड आहे. घरातल्या खोक्यात तशी केबल सापडली, ती लावताच मॉड्यूलचा दिवा लागला, परंतु संगणकाला मात्र काहीच जोडलेले दिसेना. सॉफ्टवेअर पुन्हा टाकणे, पोर्ट बदलणे, संगणक बंद करून सुरू करणे यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

दोष केबलमध्ये होता. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. दिवा लागतो तो विजेच्या तारांमुळे, आणि म्हणूनच माणूस केबलवर संशय घेत नाही. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीत दुकानदाराला स्पष्ट ‘डाटा केबल’ असे सांगून नवी आणली आणि मॉड्यूल लगेच ओळखले गेले.

जोडणी झाल्यावर पहिले काम आकडे बदलण्याचे नव्हे, तर मॉड्यूलमधला मॅप, म्हणजे आकड्यांचा तक्ता, वाचून संगणकावर साठवण्याचे आहे, आणि याबाबत मी आग्रही आहे. कित्येक सॉफ्टवेअरमध्ये वाचण्याचे आणि पाठवण्याचे बटण शेजारी-शेजारी असते. चुकीचे दाबले की रिकामा तक्ता मॉड्यूलमध्ये जातो आणि कुणीतरी डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पैसे मोजून केलेले काम कायमचे पुसले जाते.

या तक्त्यात एका बाजूला इंजिनच्या फेऱ्या, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती टक्के उघडले ते, आणि प्रत्येक चौकटीत पेट्रोलची टक्केवारी. थ्रॉटल पूर्ण बंद असताना सेन्सरचे व्होल्टेज मॉड्यूलला बरोबर शिकवलेले नसेल, तर बंद थ्रॉटलही त्याला तीन-चार टक्के उघडे वाटते आणि ते शेजारच्या रकान्यातला आकडा वापरते. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते. ही दुरुस्ती गाडीची किल्ली चालू ठेवूनच करावी लागते. हेडलाइट त्या वेळी बॅटरी खात असतो, म्हणून बॅटरीला चार्जर लावून ठेवला.

नागपूरच्या उन्हाळ्यासाठी वेगळा मॅप हवा, असे गॅरेजमध्ये ऐकायला मिळते. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे दहा टक्के विरळ असते हे खरे. पण आत येणाऱ्या हवेचे तापमान ईसीयू स्वतः मोजतो आणि त्याप्रमाणे पेट्रोल कमी करतो. मॉड्यूलची टक्केवारी त्यावर बसते, त्यामुळे वेगळ्या मॅपने तीच दुरुस्ती दोनदा होईल.

इथेनॉलचा प्रश्न मात्र वेगळा आहे. एक भाग शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२० ला (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) सुमारे १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन. सावकाश चालवताना धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर हा फरक भरून काढतो, पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू त्या सेन्सरकडे पाहत नाही. म्हणून कमी आणि मधल्या थ्रॉटलच्या चौकटी मी शून्यावर आणल्या, ८० आणि १०० टक्क्यांच्या रकान्यांना हात लावलेला नाही. हवा-इंधनाचे नेमके प्रमाण सांगणारा वाइडबँड सेन्सर लावून मोजमाप होईपर्यंत ते तसेच राहतील, आणि तोवर पूर्ण थ्रॉटल द्यायचे नाही असे मी ठरवले आहे.