पीडीएफ उघडते, पण वाचता येते का?

मुंबईतल्या कितीतरी कॉलेजांच्या दारात आता रॅम्प आहे, काही ठिकाणी लिफ्टच्या बटणांवर ब्रेलही आहे. ते हवंच. पण वर्गात आल्यावर मुलांच्या हातात पडतं काय? गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात वर्षानुवर्षं फिरलेल्या नोट्सचं स्कॅन, तेही थोडं तिरकं. सर्वसमावेशक अध्यापनाची सुरुवात माझ्या मते इथून करावी. नोट्स एकदा नीट केल्या की पुढच्या प्रत्येक बॅचला त्या मिळतात आणि कुणाला वेगळी सोय मागत स्टाफरूमच्या दारात उभं राहावं लागत नाही.

आधी तपासणी. पीडीएफ उघडा आणि एक ओळ माउसने निवडून बघा. ओळ निवडली जात नसेल तर ते पान म्हणजे निव्वळ चित्र आहे. अंध मुलांना पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे स्क्रीन रीडरला, तिथे काहीच ऐकवता येत नाही. निवडली गेली तर ती नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली तर नोट्स जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत). मराठी नोट्सचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. या फॉन्टमध्ये डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेलं असतं भलतंच चिन्ह, आणि स्क्रीन रीडर वाचतो ते साठवलेलं.

कन्व्हर्टर वापरून युनिकोड करता येतं, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट. म्हणून जोडाक्षर आलं की गडबड होते: ‘परिस्थिती’चं ‘परिसि्थती’ होतं, ‘दुसऱ्या’तला र तुटतो. ‘स्थि’, ‘र्थ’, ‘ऱ्य’ असलेले शब्द शोधून दुरुस्त केले की बरंचसं काम उरकतं. स्कॅन असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, करावं लागेल. तिथे आकडे आणि तक्ते मूळ पानाशी ताडून बघायलाच हवेत.

मग वर्डमध्ये शीर्षकांना हेडिंग स्टाइल द्या. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं शीर्षक स्क्रीन रीडरला साध्या ओळीसारखंच वाटतं. चाळीस पानांतून तिसरा मुद्दा गाठायला मुलाला सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा. तक्त्यात चौकटी एकमेकींत मिसळू नका. शेवटी फाइल ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ने काढा, ‘प्रिंट टू पीडीएफ’ने काढली तर हेडिंगची सगळी मेहनत पुसली जाते.

आलेखाला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो ते वर्णन, लिहिताना ‘मागणी वक्र’ एवढंच लिहिलं तर काहीच सांगितलं नाही. असं लिहा: ‘उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर मागणी. किंमत 10 रुपये असताना मागणी 50 नग, 20 रुपये असताना 30 नग. रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते.’ हेच वाक्य वर्गात फळ्यावर आकृती काढताना मोठ्याने म्हणा. ‘हे इथून असं इकडे गेलं’ हे शेवटच्या बाकावरच्या डोळस मुलालाही कळत नाही. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, ओठ वाचणाऱ्याचा धागा तुटतो. मुलाने विचारलेला प्रश्न माइकवर पुन्हा सांगा.

रेकॉर्डिंग देत असाल तर व्हिडिओबरोबर नुसता आवाजही द्या. 32 केबीपीएसला तासाभराचं लेक्चर साधारण 14 एमबीत बसतं. कर्जत-कसाऱ्याहून येणारी मुलगी ते गाडीत ऐकू शकते. आपोआप तयार होणारी सबटायटल्स तपासल्याशिवाय टाकू नका. आपण एका वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी बोलतो, आणि नेमके पारिभाषिक शब्दच तिथे चुकतात.

मराठी माध्यमातून येऊन एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, इंग्रजीत शिकणाऱ्यांचा विचार सर्वसमावेशक अध्यापनाच्या आराखड्यात क्वचितच होतो, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांच्याकडे कुठलं प्रमाणपत्र नसतं आणि ती मुलं सोय मागतही नाहीत. प्रत्येक युनिटच्या पहिल्या पानावर पंधरा-वीस संज्ञा दोन्ही भाषांत द्या: इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड म्हणजे मागणीची लवचिकता. बारावीला ते हेच शिकलेले असतात, फक्त ओळख पटत नाही. गुणांकनाच्या निकषांतही बघा: अर्थशास्त्राच्या उत्तरात हस्ताक्षर आणि इंग्रजी व्याकरणाचे गुण कशासाठी?

परीक्षेचा नियम स्पष्ट आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिव्यांग विद्यार्थ्यांना दर तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ. तीन तासांच्या पेपरला एक तास, हे विद्यापीठाच्या परीक्षेत पाळलं जातं. वर्गातल्या चाचणीत मात्र विसरलं जातं. 40 मिनिटांच्या चाचणीला हिशेबाने 13 मिनिटं येतात, पण वेळ पाचच्या पटीत द्यायचा असल्याने 15 द्या. तेवढ्यासाठी खोली पुढच्या लेक्चरला मोकळी हवी, म्हणून हे जूनमध्ये वेळापत्रक आखतानाच धरा. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यांतले बरेचसे बघून ओळखू येत नाहीत. 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021मध्ये सांगितलं आहे. चाचण्या तीन घेऊन उत्तम दोन धरल्या तर जुलैत लोकल बंद पडली तरी कुणाला अर्ज करावा लागत नाही.

सगळे विषय एका वर्षात होणार नाहीत. ज्या नोट्सच्या सर्वांत जास्त झेरॉक्स निघतात, त्यांचं पहिलं युनिट घ्या. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठी वाचतो. तो लावा, मॉनिटर बंद करा आणि दुसऱ्या मुद्द्यावरचा तक्ता शोधून बघा. जिथे अडकाल, तिथे फाइल दुरुस्त करा आणि मगच ग्रुपवर टाका.