बारशाआधी सुटलेला घोडा

आमच्या वरच्या फ्लॅटमधल्या पोराने गिटार घेतलीय. दहावीची परीक्षा संपली, निकाल लागायचाय, मग रोज दुपारी अडीचला सुरू. पुण्यात दुपारी एक ते चार ही काय पवित्र वेळ असते हे त्याला कुणी सांगितलं नसावं आणि मीही सांगणार नाही, मी मूळचा सोलापूरचा, आम्हाला दुपारी झोप येत नाही, घाम येतो. तर परवा असाच आडवा पडलो होतो, पंखा पाचवर, आणि वरून झँग झँग झँगझँग, मग मोठ्ठी शांतता, त्या शांततेत पोरगं बोटं शोधतंय हे मला खालून दिसत होतं, मग दुसरी कॉर्ड (म्हणजे एकदम वाजवायचे काही सूर), तीही अर्धीच बसलेली, एक तार नुसती टक्क. परत पहिली. परत शांतता. तिसऱ्या वेळेला मी उठूनच बसलो. अरे, हा तर घोडा!

घोडा म्हणजे 'अ हॉर्स विथ नो नेम' हे इंग्रजी गाणं. बँडचं नाव अमेरिका. ज्यांना कळलं त्यांना कळलं, बाकीच्यांनी आपापल्या पंख्याकडे बघावं.

या गाण्यावर अख्ख्या जगातल्या आळशी माणसांचं प्रेम आहे कारण ते जवळजवळ दोन कॉर्डमध्ये संपतं. पहिली ई मायनर, तिला दोन बोटं, पाचव्या आणि चौथ्या तारेवर, दुसऱ्या पट्टीत (गायकाची पट्टी नव्हे, गिटारच्या दांडीवरचा खण). दुसऱ्या कॉर्डचं नाव आगगाडीएवढं लांब आहे पण करायचं काय, तर तीच दोन बोटं त्याच पट्टीत एकमेकांपासून लांब सरकवायची, एक सहाव्या तारेवर, एक तिसऱ्यावर. भांडण झालेल्या दोन भावांनी ओसरीच्या दोन टोकांना जाऊन बसावं तसं. बास. आणि परत जवळ. हेच चालू. माझी गिटारची अख्खी कारकीर्द या दोन बोटांच्या भांडणात सुरू झाली आणि तिथेच संपली, तिसरी कॉर्ड एफ, ती मला आजतागायत जमलेली नाही.

शिकवलं ते होस्टेलवर, रूम पार्टनरने. १९८५ चा पावसाळा, मुंबई, चौथा मजला, वाळत घातलेली बनियन तीन दिवस ओलीच. पार्टनर मडगावचा, ट्रंक एक आणि गिटार एक एवढं घेऊन आला होता, आणि ट्रंकेला कुलूप नव्हतं पण गिटारच्या खोळीला होतं. मुंबईच्या हवेत गिटारच्या तारांना गंज चढतो, म्हणून तो वाजवून झालं की प्रत्येक तार फडक्यात धरून खालपर्यंत पुसायचा, ताक घुसळणाऱ्या बाईसारखा मन लावून. एकदा तो गावी गेला असताना मी त्याला सरप्राइज म्हणून सगळ्या तारांना खोबरेल तेल लावून ठेवलं. आमच्याकडे गंजणाऱ्या सगळ्या गोष्टींना तेलच लावतात, कडी, कात्री, सायकलची चेन. तो आला, त्याने एकदा वाजवून बघितलं, बोट हुंगलं, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या तारा गेल्याच. नवा सेट येईपर्यंत आमच्या मजल्यावर महिनाभर संगीत नव्हतं आणि सगळ्यांना कारण माहिती होतं.

तर त्या पावसात हे वाळवंटाचं गाणं. मला तेव्हा वाटायचं की ही कुठली तरी ॲरिझोनाची रापलेली पोरं असणार. कसलं काय. ही तिघं लंडनमधली. म्हणजे अमेरिकनच, पण बाप अमेरिकन हवाई दलात, पोस्टिंग लंडनजवळच्या साउथ रायस्लिपच्या तळावर, आणि पोरं तिथल्या अमेरिकन शाळेत. ड्यूई बनेल, जेरी बेकली, डॅन पीक. आता इंग्लंडात बसून अमेरिकन गाणी म्हणणाऱ्यांना लोक म्हणणार बघा नकली, म्हणून नावच ठेवून टाकलं अमेरिका. म्हणजे आपल्या खानावळीवर 'अस्सल कोल्हापुरी' लिहितात तोच प्रकार, फक्त हे खरंच कोल्हापूरचे. आणि ते वाळवंट? बनेल लहानपणी कॅलिफोर्नियात वँडनबर्गच्या तळावर राहायला होता, घरच्यांबरोबर ॲरिझोना, न्यू मेक्सिकोतून गाडीने गेला होता, ते ऊन त्याने डोक्यात ठेवलं आणि विशीला टेकल्यावर इंग्लंडच्या पावसात बसून बाहेर काढलं. हे मला फार उशिरा कळलं, पण कळल्यावर एकदम पटलं, कारण मी तरी दुसरं काय करत होतो त्या चौथ्या मजल्यावर, ओल्या बनियनखाली बसून मे महिन्यातलं सोलापूर आठवत होतो की. सोलापुरात असताना त्या उन्हाला शिव्या घातल्या. पाऊस लागल्यावर तेच हवं.

गाण्याची चेष्टा पण खूप झाली. उन्हाचा कडाका सांगायला त्यात जे शब्द वापरलेत त्यावरून लोक अजून हसतात, आणि आवाज इतका नील यंग ह्या नावाजलेल्या गायकासारखा की लोकांना तोच गातोय वाटायचं. गंमत म्हणजे १९७२ च्या मार्चमध्ये नील यंगचंच 'हार्ट ऑफ गोल्ड' अमेरिकेत एक नंबरवर होतं आणि त्याला खाली उतरवलं कुणी, तर ह्या घोड्याने. काही रेडिओ स्टेशनांनी गाणं लावायचंच नाही म्हटलं, कारण तिकडे घोडा म्हणजे हेरॉइन असाही एक अर्थ निघतो. आम्हाला असलं काही ठाऊक नव्हतं. आमचा घोडा घोडाच होता.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं होस्टेलवाले मडगावला पार्टनरच्या घरी जमलो, बाहेरच्या बल्कांवात, म्हणजे ओसरीवर, सगळ्यांचे केस गेलेले किंवा पांढरे, आणि रात्री अकराला वाद सुरू झाला की गिटार खरी ह्या बँडच्या कुठल्या गाण्यात. पार्टनरचं मत ठाम, 'व्हेंचुरा हायवे'. त्याच्या सुरुवातीला दोन गिटार एकमेकींच्या हातात हात घालून चालतात, त्या बेकली आणि पीकने बसवल्या, गाणं बनेलचं. (तेही लहानपणचंच, वडील पंक्चर झालेलं चाक बदलतायत आणि पोरं रस्त्याकडेला उभी राहून ढग बघतायत, समोर व्हेंचुराची पाटी. पंक्चरमधून असलं गाणं निघत असेल तर आमच्या एम-ऐंशीने मला महाकवी करायला हवं होतं.) दुसरा म्हणाला 'सिस्टर गोल्डन हेअर', त्यावर पार्टनर म्हणाला, तोपर्यंत त्यांना जॉर्ज मार्टिन मिळाला होता, बीटल्सवाला प्रोड्यूसर, मग काय, कुणीही चांगलं वाजेल. आमचा नागपूरवाला अर्धवट झोपेतून म्हणाला, हे रॉक आहे का बे, हे त भावगीत आहे. सगळे हसले पण मी त्याच्या बाजूचा. शनिवारी रात्री नाही, रविवारी सकाळी नऊला लावायची गाणी ही.

माझं मत कुणी विचारलं नाही, माझं मत वेगळंच आहे. मला गिटारपेक्षा बोटांचा आवाज आवडतो. लोखंडी तारेवरून बोट सरकतं ना एका कॉर्डवरून दुसरीकडे जाताना, ते बारीक चिर्र, पाटीवर पेन्सिल घसरल्यासारखं. आता म्हणे ते कॉम्प्युटरवर पुसून टाकतात. कशाला? माणूस तिथे बसलाय ह्याचा तेवढाच तर पुरावा. गायकाने श्वास घेतलेला ऐकू आला पाहिजे, तबलजीने हातोडीने ठोकलेलं ऐकू आलं पाहिजे, आणि चिर्र पाहिजे. असो.

तर कॅसेट. तेव्हा दुकानात गाण्यांची यादी दिली की नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून मिळायचं, तशी मी त्यांची कॅसेट भरून घेतली, वर बॉलपेनने मोठ्ठं लिहिलं 'अमेरिका', आणि दिवाळीला घरी नेली. मी मित्रांकडे गेलो असताना आईला ती बॅगेत दिसली. आमचा एक मामा तेव्हा न्यू जर्सीत होता आणि वर्षातून एकदा पत्राऐवजी कॅसेट बोलून पाठवायचा, सगळ्यांना नमस्कार, इकडे थंडी फार, वगैरे. आईला वाटलं भावाची कॅसेट आली आणि ह्या पोराने सांगितलंच नाही. तिने ती टू-इन-वनमध्ये घातली. मी परत आलो तर ती शेंगदाणे निवडत टेपसमोर बसलेली, गाणं चालू, चेहरा गंभीर. म्हणाली, "अरे मघापासून नुसतंच वाजतंय, बोलत का नाही कुणी?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं, त्यात काय म्हणतोय ते विचारलं. मी म्हटलं, एक माणूस घोड्यावर बसून वाळवंटातून जातो, घोड्याला नाव नसतं, नऊ दिवसांनी तो घोड्याला सोडून देतो. आई शेंगदाणे निवडता निवडता थांबली. तिच्या माहेरी बैलांना नावं, म्हशींना नावं, एका कोंबड्याला पण होतं. म्हणाली, "मग बरोबरच आहे की. नऊ दिवसांत कसं असेल नाव, बारसं बाराव्या दिवशी असतंय. तीन दिवस थांबला असता तर ठेवलं असतं कुणीतरी."

पन्नास वर्षं लोक त्या घोड्याचा अर्थ काढतायत.

पुढे ते गाणं आमच्या घरात बारशाचं गाणं झालं. सुट्टीला गेलो की ती म्हणायची, लाव तुझं ते बारशाचं. मधलं ला-ला सुरू झालं की मान डोलवायची, कारण तेवढं तिला येत होतं.

ह्या सगळ्याला किती वर्षं झाली. डॅन पीक तर १९७७ लाच बँड सोडून भक्तिगीतांकडे वळला होता, २०११ मध्ये गेला, बाकीच्या दोघांनी पुढे चालू ठेवलं. आई त्याच्यानंतर तीन वर्षांनी.

हां, तर परवा दुपारी मला राहवेना, मी जिना चढून वर गेलो, म्हटलं त्या पोराला एवढंच सांगावं, बाबा रे, दोन्ही बोटं एकदम उचल, एक एक नको. बेल वाजवली. दार उघडलं, गळ्यात गिटार, डाव्या हाताची बोटं तो नकळत चड्डीला घासत होता, टोकं लाल झालेली. म्हणाला, "सॉरी काका, आवाज येतोय का खाली?" मी म्हटलं, "नाही, नाही. वाजव." आणि उगाचच त्यांच्या चपलांच्या स्टँडकडे बघून खाली आलो.

ते चिर्र त्याच्याकडे नाही अजून. येईल.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी आईने कॅसेट घातली तेव्हा पहिल्यांदा तिने प्ले दाबताना शेजारचं लाल बटण पण दाबलं होतं. त्यामुळे माझ्या कॅसेटवर गाणं पहिल्या ला-लापर्यंत नीट जातं, तिथे खट् होतं, मग विसेक सेकंद आमची सोलापूरची खोली, परातीत शेंगदाणे पडल्याचा आवाज, लांब कुठेतरी सायकलची घंटी, आणि आई, "अण्णा बोल की." मग परत खट् आणि गाणं. तेव्हा मी तिच्यावर चिडलो होतो, एवढे पैसे देऊन भरून घेतली म्हणून. कॅसेटला नंतर बुरशी लागली, टेप चिकटली, आता ती वाजत नाही. गाणं काय, फोनवर कधीही मिळतं. पण फोनवर लावलं की त्या जागी ते न थांबता सरळ पुढे जातं.