सेनिओच्या बांधावरून

"नदी केवढी आहे?"

आप्पांनी एवढंच विचारलं. मी इटलीला सायकल चालवायला निघालोय हे त्यांना दोन महिन्यांपासून माहीत होतं. खर्च किती, थंडी किती, सोबत कोण, यातलं काही त्यांनी विचारलं नव्हतं. निघायच्या आठवड्यात जेवताना मी सेनिओ नदीचं नाव घेतलं तेव्हा मात्र त्यांचा घास हातातच थांबला.

आमच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओच्या काठावर त्यांनी जे केलं, त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. ही गोष्ट मी आप्पांच्याच तोंडून लहानपणापासून ऐकलेली. नदीची रुंदी-खोली वाचून ठेवलेली होती, पण ताटावर बसून आकडा सांगावासा वाटेना. म्हणालो, "बघून येतो आणि सांगतो."

इटलीत सायकल म्हटलं की आपल्याकडचे लोक डोलोमाइट्सच्या घाटांची नावं घेतात. मला ग्रॅव्हल हवं होतं, म्हणजे डांबर सोडून मुरमाचे, शेतातले, नदीकाठचे रस्ते. बोलोन्याच्या आग्नेयेला, अपेनाइन डोंगर उतरून सपाटीला मिळतात तिथे, रोमान्या प्रांतात हे सगळं एका दिवसाच्या टप्प्यात सापडतं. सेनिओ तिथलीच. तस्कनीच्या हद्दीतल्या डोंगरात उगम, रिओलो तेर्मेवरून खाली, मग द्राक्षमळे आणि फळबागा ओलांडत रेनो नदीला मिळते. मी दोन दिवस धरले आणि दुसरा दिवस ९ एप्रिलचा येईल असं तिकीट काढलं. व्हिसाची कागदपत्रं वेळेत झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सायकल बोलोन्यात भाड्याने घेतली. चाळीस मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर, आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव. पुण्याच्या सवयीने मी पन्नास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली. दुकानातल्या मुलाने अंगठ्याने टायर दाबून पाहिला, मान हलवली आणि बत्तीसवर आणून ठेवली. खडीवर टणक टायर दगडावरून उडतो आणि पकड सोडतो. मऊ टायर दगडाला बिलगून पुढे जातो. सिंहगड आणि मुळशीच्या मागच्या रस्त्यांवर इतकी वर्षं हात बधिर करून घेतले, त्याचं कारण मला तिथे त्या दुकानात कळलं. ग्रॅव्हलला नव्याने येणाऱ्याने महागड्या सायकलीच्या आधी एक चांगला प्रेशर गेज घ्यावा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

प्रादेशिक रेल्वेत सायकलचं वेगळं तिकीट काढून फाएन्झाला उतरलो. झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांसाठी हे गाव शेकडो वर्षं इतकं प्रसिद्ध की 'फेयॉन्स' हे भांड्यांचं युरोपीय नावच त्याच्यावरून पडलं. तिथून लामोने नदीच्या खोऱ्याने ब्रिसिगेल्ला. गावावर तीन सुळके आहेत: एकावर किल्ला, एकावर घड्याळाचा मनोरा, एकावर मरियममातेचं मंदिर. गावाच्या पोटातून गाढवांची गल्ली जाते. घरांच्याच अंगात, वरच्या मजल्याच्या उंचीवर, छताखालून जाणारा रस्ता. बाहेर बघायला कमानीच्या खिडक्या. डोंगरातून जिप्सम काढून गाढवांच्या पाठीवर आणायचे, ते लोक इथेच राहायचे, गाढवांसकट. लाकडी तुळयांच्या त्या सावलीत सायकल हातात धरून चालत गेलो. तिथे सायकलवर बसावंसं वाटलं नाही.

ब्रिसिगेल्लाच्या मागे जिप्समची रांग सुरू होते. वेना देल जेस्सो, म्हणजे जिप्समची शीर. साधारण साठ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र मोठ्या प्रमाणात आटला, तेव्हा तळाशी साचलेलं हे जिप्सम पुढे डोंगर होऊन वर आलं. २०२३ मध्ये या भागातल्या गुहांना जागतिक वारशात जागा मिळाली. रस्त्याच्या कडेचा दगड उन्हात काचेसारखा चमकतो. रोमन लोक याच डोंगरातून पारदर्शक जिप्समचे पापुद्रे काढून खिडक्यांना लावत. मी एक तुकडा उचलून उन्हाकडे धरला, पलीकडचा मळा धूसर दिसला, तुकडा परत जागेवर ठेवला.

इथवर चाकाखाली पांढरी खडी होती आणि चढ कडक असला तरी निभत होता. चुकलो ते मोंते माउरोच्या पुढे. नकाशावर एक शेतरस्ता छोटा दिसत होता, आदल्या रात्री पाऊस झाला होता, आणि मी उताराच्या मोहाने त्यावर शिरलो. जिप्समची रांग संपली की खाली निळसर चिकणमातीचे उघडे उतार लागतात. पावसाने चिरलेले, झाड न धरणारे. कलांकी म्हणतात त्यांना. दोनशे मीटरवर मागचं चाक फिरायचं थांबलं. टायर आणि फ्रेमच्या मधली सगळी जागा मातीने बंद. काडीने उकरायचं, वीस पावलं ढकलायचं, परत उकरायचं. जूनमध्ये आमच्या काळ्या रानात बैलगाडीची चाकं अशीच भरतात, त्यामुळे ती माती मला परकी वाटली नाही. पण बैलगाडीला डिरेल्युअर, म्हणजे मागच्या चाकाशी लोंबणारा गिअर बदलणारा भाग, नसतो. जोर लावून पेडल मारलं असतं तर तो तुटून चाकात गेला असता आणि प्रवास तिथेच संपला असता. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. दीड किलोमीटरला तास गेला.

खाली एका शेतघराशी एक आजी अंगणात द्राक्षाच्या काड्यांच्या मोळ्या बांधत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता नळाला रबरी पाइप लावला आणि माझ्या हातात दिला. सायकल धुऊन झाल्यावर बोटाने डोंगरमाथा दाखवून म्हणाल्या, "जेस्सो, सी." मग खालचा उतार दाखवला: "आर्जिल्ला, नो." जिप्सम चालेल, चिकणमाती नको. मी हात जोडले. त्यांनीही जोडले. पावसानंतर माथ्याने जायचं आणि मातीच्या उताराला दोन कोरडे दिवस द्यायचे, एवढं ज्ञान मला नकाशाच्या कुठल्याही ॲपने दिलं नव्हतं.

रिओलो तेर्मेला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. जेवायला पियादिना, म्हणजे मैद्याची जाड, चपटी भाकरीसारखी पोळी; पूर्वी मातीच्या तव्यावर भाजत, आमच्याकडे खापरावर मांडे भाजतात तसं. शाकाहारी माणसाने एक गोष्ट विचारूनच खावी. पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते, पण ऑलिव्ह तेलातलीही बहुतेक ठिकाणी मिळते. आत पालेभाजी भरून घडी घातलेली मागवली. दोन खाल्ल्या.

सकाळी आधी गॅलिस्तेर्नाचा चढ केला. २०२० ची जागतिक रोड स्पर्धा इमोलाला झाली तेव्हा हा चढ शर्यतीत होता, आणि शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या ज्युलियन अलाफिलिपने इथेच सगळ्यांना मागे टाकून विजेतेपद नेलं. पावणेतीन किलोमीटरला थोडा कमी, सर्वांत उभा भाग चौदा टक्के. दोन्ही बाजूंना आल्बाना द्राक्षाचे मळे. इटलीतल्या पांढऱ्या वाइनमध्ये सर्वोच्च दर्जाचा सरकारी शिक्का पहिल्यांदा, १९८७ मध्ये, आल्बानाच्या वाइनलाच मिळाला. वेलींना नुकते डोळे फुटलेले, कोंब नखाएवढे. माझ्या मामांचा दिंडोरीला द्राक्षबाग आहे. तिथे त्या दिवसांत माल उतरवून खरड छाटणी चाललेली असते. इथे वर्ष आत्ता कुठे उघडत होतं. एका ओळीशी उतरून कोंब न्याहाळत जरा जास्तच वेळ थांबलो. वर आलो तेव्हा मागे जिप्समची करडी भिंत आणि पुढे सपाटी, थेट समुद्रापर्यंत.

त्या सपाटीवर उतरलो. कास्तेल बोलोन्येझेला रोमनांचा जुना सरळ रस्ता, व्हिया एमिलिया, ओलांडला. तिथून पुढे सेनिओ दिसेनाशी होते. दिसतात ते फक्त तिचे बांध, दोन्ही अंगांना, शेतातून जाणाऱ्या गवताच्या लांबच लांब टेकडीसारखे. मे २०२३ च्या महापुरात ही नदी बांध सोडून गावांत घुसली होती. घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून ओळखू येते. बांधाचा एक टप्पा दुरुस्तीसाठी बंद होता, जाळी लावलेली. वळसा घालून पीचच्या बागांमधून गेलो, शेवटची गुलाबी फुलं रस्त्यावर पडली होती, आणि कोतिन्योलाच्या अलीकडे एका उताराने सायकल ढकलत बांधावर चढलो.

माथ्यावर हात-दोन हात रुंद खडीची वाट, बाकी गवत. इथे बत्तीस पीएसआयही जास्त वाटली, थोडी हवा सोडली. एका हाताला फळबागा आणि चर्चचे मनोरे, दुसऱ्या हाताला आतला उतार, बाभळीसारखी झुडपं, आणि खाली नदी. १९४४ च्या हिवाळ्यात दुसरं महायुद्ध इथे येऊन थांबलं ते एप्रिलपर्यंत. जर्मनांनी दोन्ही बांध आतून पोखरून बिळं केली होती, पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारावर सुरुंग पेरले होते. हे वाचताना मला बांध म्हणजे शेताचा बांध वाटायचा. वर उभं राहिल्यावर कळलं की बाहेरच्या शेतातून आत काय आहे ते दिसूच शकत नाही. माथ्यावर येणारा माणूस मात्र आकाशासमोर उघडा पडतो.

जाधव कंपनीचे निरोपे होते. नदी ओलांडून पलीकडे निघताना मागच्या, पूर्वेच्या बांधातून मशिनगन सुरू झाल्या. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, सोबतचे बाकी सगळे मारले गेले. जाधवांनी एका जखमीला पाण्यातून, मग उभ्या उतारावरून, सुरुंगांमधून उचलून सुरक्षित जागी आणलं. परत जाऊन दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा बांध ओलांडून पहिलं ठाणं गप्प केलं. हाताला गोळी लागली, टॉमी गन चालवता येईना, ती टाकली आणि हातबाँब घेतले. आणखी दोन ठाणी. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि मागच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावलं. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते.

सायकल आडवी ठेवली आणि आतल्या उताराने खाली गेलो. पेडलला अडकणाऱ्या क्लीटच्या बुटांनी दोनदा घसरलो, दुसऱ्यांदा मुळी धरून थांबलो. पाण्याशी पोचून मागे वळून पाहिलं. रिकाम्या हाताने, दिवसाढवळ्या, कोरड्या गवतावरून वर यायला मला गुडघ्यांवर हात टेकावे लागले.

वर येऊन फोन लावला. तिकडे साडेआठ वाजून गेले असतील. आप्पांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"पोचलास?"

"हो. बांधावर आहे."

"नदी केवढी आहे?"

"पंधरा फूट, आप्पा. पाणी छातीएवढं असेल."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "पंधराच?"

"पंधराच. पण दोन्ही बांध आपल्या दुमजली घराएवढे."

"माती कसली?"

मी वाकून मूठभर घेतली, चोळली. "पोयट्याची. ओली आहे."

"ओलीवर पाय ठरत नाही," ते म्हणाले, आणि मग आईला हाक मारून त्यांनी फोन तिच्या हातात दिला.