ऑपरेशन कुणी करायचं?

आज मैत्रिणीसोबत दवाखान्यात गेले होते, तिची दोन बाळंतपणं झालीत, आता ऑपरेशनचं विचारायचं होतं. डॉक्टरबाईंनी सरळ तिच्या नवऱ्याकडे बघून सांगितलं, पुरुष नसबंदी सोपी, जागेवर भूल, बिनटाक्याची पण होते, साधारण १५-२० मिनिटांत काम आणि त्याच दिवशी घरी, बाईच्या मात्र पोटाला छेद द्यावा लागतो. फक्त पुढचे ३ महिने दिवस राहू नयेत म्हणून दुसरं साधन वापरायचं नि मग वीर्य तपासून खात्री करायची. नवरा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. सासूबाई लगेच, अहो त्याला अशक्तपणा येईल! (आणि हिने दोनदा कळा दिल्या ते काय?) ताकद जात नाही, हार्मोन्स पण कमी होत नाहीत, डॉक्टर सांगत होत्या पण ऐकतंय कोण. सासूबाईंनी फॉर्म हिच्यापुढे सरकवला. हिने पेन उचललंच नाही, म्हणाली आधी ह्यांना बोलू दे. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या!