तिसरा आउट कसा झाला?

बेसबॉलमध्ये खेळाडू सगळे बेस फिरून होम प्लेटला, म्हणजे बॅटिंगच्या जागी, पाय लावून परत येतो, स्टेडियम डोक्यावर घेतलं जातं, आणि तरी फलकावर रन चढत नाही. शिकागोत राहायचं तर बेसबॉल टाळता येत नाही. क्रिकेटमध्ये मुरलेला आपला माणूस मात्र इथे हटकून अडतो. यंदा सुट्टीत मुंबईला आलो तेव्हा मामा अडले. कांगा लीगच्या चिखलात निम्मं आयुष्य घालवलेला माणूस, नियमाची फोड झाल्याशिवाय सोडत नाही.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यासमोर मातीत चार चपला मांडल्या, दोन त्यांच्या, दोन माझ्या: तीन बेस आणि होम प्लेट. खऱ्या मैदानात दोन बेसमध्ये 90 फूट अंतर असतं, इथे दोन पावलं.

समजा, दोन आउट झालेत, म्हणजे तिसऱ्याला इनिंग संपणार. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर एकेक जण. बॅटरने चेंडू जमिनीवरून मारला आणि पहिल्या बेसकडे धावला. एका बेसवर दोघांना थारा नाही, म्हणून तिथे आधी असलेल्याला पुढे सरकावंच लागतं. दादरला लोकलच्या दारात उभं राहिलं की मागचे लोक उतरवतातच, तसं. या सक्तीमुळे फील्डरला त्याला टॅग करावं, म्हणजे चेंडू अंगाला लावावा, लागत नाही. चेंडू हातात असताना दुसऱ्या बेसवर पाय ठेवला की फोर्स आउट. तो तिसरा आउट असेल तर रन नाही.

“अरे, पण तिसऱ्यावरचा त्याआधीच घरी पोचला ना?”

पोचला, तरी नाही. पहिला बेस गाठण्याआधी बॅटरच तिसरा आउट झाला, तरी तेच. ही बाजू मामांना लगेच पटली. आपल्याकडेही झेल घेतला गेला की तोवर पळून काढलेली धाव मिळत नाहीच.

खरी मजा पुढे आहे. तीच मांडणी, पण एकच आउट झालेला. फील्डरने आधी पहिल्या बेसवर पाय ठेवून बॅटरला काढला आणि मग चेंडू दुसऱ्या बेसकडे फेकला. आता मागून ढकलणारा कुणी उरला नाही, म्हणजे सक्ती संपली. धावणाऱ्याला टॅगच करावं लागणार, आणि टॅग व्हायच्या आधी तिसऱ्यावरचा घरी पोचला असेल तर रन धरला जातो. आउट होणारे दोघं तेच, फक्त क्रम बदलला. अंपायरला टॅग आणि होम प्लेट दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं. माझ्या मते या खेळातला सगळ्यात सुंदर नियम हाच.

मग मामांना मर्कलचा किस्सा सांगितला. 23 सप्टेंबर 1908, न्यूयॉर्क. जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज, 1-1, नववी इनिंग, दोन आउट. जायंट्सच्या ब्रिडवेलने चेंडू मारला, तिसऱ्यावरचा मॅककॉर्मिक घरी आला, लोक मैदानात घुसले. पहिल्यावरचा फ्रेड मर्कल, वय 19, दुसऱ्या बेसला न शिवताच परत फिरला. कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवून दुसऱ्या बेसवर पाय ठेवला. अंपायर हँक ओडे यांनी फोर्स आउट दिला. रन रद्द, सामना बरोबरीत. 8 ऑक्टोबरला तो पुन्हा खेळवला, कब्ज 4-2 ने जिंकले आणि त्या वर्षीची वर्ल्ड सीरीजही त्यांनीच नेली. पुढची मिळाली ती थेट 2016 मध्ये.

“दिला ते बरोबरच,” मामा म्हणाले. “पण एवढ्या गर्दीतून आलेला चेंडू तोच होता कशावरून?”

नेमका याच प्रश्नावर जायंट्सवाले तेव्हा भांडले होते.