रोग रिव्हरवर लाकडी होडीतून चार दिवस

ग्रेव्ह क्रीकच्या उतारावरून होडी पाण्यात ढकलली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या रोग रिव्हरचा इथून फॉस्टर बार या होड्या बाहेर काढायच्या जागेपर्यंतचा पट्टा ३४ मैलांचा. मध्ये मारियलचा कच्चा रस्ता सोडला तर गाडी पोहोचत नाही. १९६८च्या अमेरिकी नदी-संरक्षण कायद्याने संरक्षण मिळालेल्या पहिल्या आठ नद्यांपैकी ही एक.

आम्ही पाच जण होतो. दोन लाकडी ड्रिफ्ट बोटी आणि सामानाची एक राफ्ट. पुढची होडी सत्तरीतले एक स्थानिक नावाडी चालवत होते, स्वतःच्या हाताने बांधलेली. मागची माझ्याकडे, पुढच्या बाकावर माझी बायको.

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलं असेल तर एक गोष्ट आधीच मनातून काढून टाका. हवा भरलेली राफ्ट दगडावर आपटली की उसळून पुढे जाते. प्लायवूड उसळत नाही, चिरतं. म्हणून इथे वेग वाढवायचा नसतो, मोडायचा असतो. या होडीचा तळ रुंदीत सपाट, पण लांबीत पाळण्यासारखा दोन्ही टोकांना उचललेला असतो. त्यामुळे ती थोड्या पाण्यात तरंगते आणि एका वल्ह्यावर गर्रकन वळते. नावाडी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून बसतो. ज्या दगडाची भीती, त्याच्याकडे नाक तिरपं करायचं आणि दोन्ही वल्ही आपल्याकडे ओढायची. होडी पाण्यापेक्षा सावकाश जाते आणि बाजूला सरकते. हे हातात बसायला मला दोन उन्हाळे लागले, सोप्या नदीवर. थेट इथे येऊन शिकू नका.

दोनेक मैलांवर रेनी फॉल्स. तिथे आम्ही मुख्य धबधबा टाळून उजवीकडे माशांना वर चढता यावं म्हणून केलेल्या वाटेतून रिकाम्या होड्या दोरांनी उतरवल्या. पुढे-मागे एकेक लांब दोर हवा. दोर मनगटाला कधीही गुंडाळू नये. खडक शेवाळलेले असतात, बूट चांगले पकडणारे घ्या.

तिसऱ्या दिवशी म्यूल क्रीक कॅन्यन. दोन्ही बाजूंना सरळ कातळ, आणि कॉफीपॉट नावाच्या जागी पाणी खालून उकळल्यासारखं वर येतं. होडी कुठे जाईल ते सांगता येत नाही. माझं डावं वल्हं भिंतीत अडकलं आणि पात्यापाशी मोडलं. होडी आडवी झाली, बाजू कातळाला घासली आणि वीतभर चीर पडली. जास्तीचं वल्हं होतं, पण मी ते तंबूंच्या खाली करकचून बांधलेलं. "अगं, दोरी सोड, दोरी!" मी ओरडत होतो आणि ती ओल्या गाठीशी झगडत होती. ते वल्हं एका हिसक्यात सुटेल अशा गाठीने, सगळ्यात वर बांधा.

खालच्या संथ पाण्यात चीर कोरडी करून वर जाड टेप चिकटवली. रात्री मुक्कामावर प्लायवूडचा तुकडा इपॉक्सी गोंदाने बसवला. हे सामान सोबत असायलाच हवं.

पण त्याआधी ब्लॉसम बार हा दगडांनी भरलेला खळाळ होता. ग्लेन वूल्ड्रिज १९१५मध्ये घरी बांधलेल्या लाकडी होडीतून ही नदी उतरले, आणि पुढे त्यांनीच इथले दगड सुरुंगाने फोडून वाट मोकळी केली. तरीही वाट अवघडच आहे. डावीकडून शिरायचं आणि लगेच जोरात उजवीकडे ओढायचं, कारण समोर दगडांची रांग आहे, पिकेट फेन्स. आमच्या नावाड्यांनी काठावर पाऊण तास थांबवलं. वाहून आलेल्या चार काठ्या त्यांनी पाण्यात सोडल्या. चारही त्या रांगेतच जाऊन अडकल्या. प्रवाह आपल्याला कुठे नेणार आणि ओढायला कधी सुरुवात करायची, ते मला तेव्हा कळलं. मी ठरवल्यापेक्षा दोन होडीलांब्या आधी ओढायला लागलो आणि पार झालो. घशाला कोरड पडली होती.

परवाना १५ मे ते १५ ऑक्टोबरसाठी लॉटरीने मिळतो, अर्ज डिसेंबर-जानेवारीत. नाव लागलं नाही तरी रद्द झालेल्या तारखांवर लक्ष ठेवा. शेकोटीचं तसराळं आणि सोबत न्यायचा संडास सक्तीचे आहेत. रात्री अस्वलं येतात, अन्न नीट बंद ठेवा. काठावरच्या पॉयझन ओक या खाज आणणाऱ्या झुडपाला हात लावू नका. ब्लॉसम बारच्या खाली समुद्राकडून जेट बोटी येतात, आवाज आला की बाजूला व्हा.

शेवटच्या दिवशी पहाटेच निघा. दुपारी समोरून वारा सुटतो आणि या होड्यांच्या उंच बाजू तो शिडासारख्या अडवून धरतात. आम्ही जेवून निघालो, तर शेवटच्या चार मैलांना तीन तास लागले.