लाल पाण्याला वाट

टिंबरबॉर्न या संगणकावरच्या खेळातल्या माझ्या वसाहतीत खालच्या रानातून गेल्या आठवड्यात पहिली गाजरं निघाली. खेळातले १४० दिवस आणि माझ्या तीन आठवड्यांच्या रात्री त्या गाजरांसाठी गेल्या. सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. पोलंडच्या मेकॅनिस्ट्री या स्टुडिओचा हा खेळ २०२१च्या सप्टेंबरात पहिल्यांदा खेळायला मिळाला. माणसं पृथ्वीची नासाडी करून संपून गेली आहेत आणि मागे राहिलेत बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून नदीत बंधारे घालणारे प्राणी. झाडं तोडायची, बंधारे घालायचे, दुष्काळ यायच्या आत पाणी साठवायचं आणि पिल्लं जगवायची, हा त्यांचा संसार. पुढे पाचव्या मोठ्या अपडेटमध्ये बॅडवॉटर आलं आणि माझ्यासाठी हा खेळ वेगळाच झाला. बॅडवॉटर म्हणजे माणसांच्या मागे राहिलेलं लालसर, विषारी पाणी. नकाशावर त्याचे कायमचे झरे असतात. हे पाणी जिथे साचतं तिथली आजूबाजूची जमीनही आतून नासत जाते. वर पाण्याचा थेंब दिसत नाही, पण माती लाल होते आणि उभं पीक मरतं.

ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खेळ थांबवून बराच वेळ नुसता बघत बसलो. ही जमीन माझ्या ओळखीची होती.

माझं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. आमचं नदीकडचं दोन एकर रान मी शाळेत असताना क्षारपड झालं. काळी, भारी जमीन, त्यात वर्षानुवर्षं उसाला मोकाट पाणी. जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर आली आणि पाण्याबरोबर क्षारही वर आले. उन्हाळ्यात वरचं पाणी उडून जायचं आणि मीठ मागे राहायचं. मार्चमध्ये त्या रानात चाललं की पायाखाली पांढरा पापुद्रा फुटायचा, पिठीसाखरेसारखा, आणि त्याच्या खालची माती मात्र ओलीगच्च. ऊस गुडघ्याच्या वर गेला नाही. आमच्याकडे म्हणतात, रानात मीठ फुटलं.

खेळात नकाशे बनवायची सोय आहे, म्हणून मी आमचं शिवारच बनवलं. नदीचं वळण, वरची चढाची जमीन, खाली खोलगट भाग. त्या खोलगटाच्या वरच्या कडेला मी बॅडवॉटरचा एक झरा ठेवला आणि ठरवलं, दुसरीकडे कुठे वस्ती हलवायची नाही, हेच रान परत आणायचं.

पहिला उपाय कुणालाही सुचेल असाच केला. झऱ्याभोवती चारी बाजूंनी बांध घातले. पण झरा काही थांबत नाही. पाणी चढत गेलं आणि अकराव्या दिवशी बांधावरून ओसंडून आधी होतं त्याच्या दुप्पट रान लाल करून गेलं. बांधावर काम करणारे चार बीव्हर त्या पाण्यात सापडले. विषबाधा झालेला बीव्हर कामाला येत नाही, नुसता वस्तीत फिरत राहतो. डँडेलायनपासून त्यांचं औषध बनतं आणि माझ्याकडे डँडेलायनचं एकही झुडूप नव्हतं. त्यांतल्या एकाचं नाव मी तात्या ठेवलेलं होतं. तो बरा होईपर्यंत मी वस्तीत एकही नवीन काम काढलं नाही.

दुसऱ्या खेपेला बॅरिअर लावले. जमिनीतून पसरणारं विष त्यांच्यापुढे जात नाही. पलीकडची बटाट्याची पट्टी वाचली खरी, पण अलीकडचं रान होतं तसंच. मग कळलं की मातीवर इलाज करायचं कुठलंच साधन खेळानं दिलेलं नाही, फवारा नाही की खत नाही. पाणी तिथून गेलं तरच माती सुधारते, आणि तीही तिच्या गतीनं. ज्यानं कुणी हे ठरवलं, त्याला जमीन कळते असं मला मनापासून वाटतं.

मग चर काढायला घेतला. झऱ्यापासून नकाशाच्या कडेपर्यंत, सुरुंग लावत, एकेक चौकोन खाली उतरवत. त्या सुरुंगाची दारूही याच बॅडवॉटरपासून बनते, म्हणजे जे पाणी हाकलायचं तेच आधी भरून आणायचं. चराच्या दोन्ही बाजूंना बॅरिअर, कारण चरही आपल्या काठची माती नासवतोच. उतार एका ठिकाणी चुकला होता, तिथे पाणी तुंबून राहिलं. ते पुन्हा उकरलं. शेवटी लाल पाणी नकाशाबाहेर पडायला लागलं आणि खोलगटात साचलेलं डबकं आटत गेलं.

मातीचा लाल रंग कडेकडून मागे सरकायला लागला. रोज थोडा थोडा. मी खेळाचा वेग वाढवू शकत होतो, वाढवला नाही.

लाल गेलं तरी हिरवं आलं नाही. खाली निघाली ती कोरडी, राखेच्या रंगाची जमीन, कारण आता तिथे कुठलंच पाणी नव्हतं. नदीतून गोड्या पाण्याचा वेगळा पाट आणावा लागला. तो आणला आणि बॅडटाइडचा इशारा आला. बॅडटाइडमध्ये नदीचे झरेसुद्धा पाण्याऐवजी बॅडवॉटर सोडतात, म्हणजे माझ्याच पाटातून विष त्या रानात आलं असतं. पाटाच्या तोंडाशी आणि नदीच्या वळणावर स्लूस, म्हणजे पाणी अडवणारे-सोडणारे दरवाजे, बसवले. पाण्यात विष आलं की पाटाचा आपोआप बंद होतो, वळणावरचा उघडतो आणि सगळं लाल पाणी चरात जातं. बॅडटाइड संपेपर्यंत टाक्यांतल्या पाण्यावर दिवस काढले. रान वाचलं. मग गाजरं टाकली, ती चार दिवसांत येतात. बांधाला ओक लावले, त्यांना तीस दिवस लागतात.

आमच्या खऱ्या रानालाही शेवटी निचऱ्यानंच हात दिला. त्याआधी आण्णांनी जिप्सम टाकून पाहिलं, हिरवळीच्या खताचा धैंचा गाडून पाहिला. पण खालचं पाणी हलत नव्हतं तोवर त्याचा उपयोग झाला नाही. मग जमिनीखाली चार फुटांवर सच्छिद्र पाइप घातले. पाइपात झिरपलेलं खारं पाणी पुढे ओढ्याला सोडायचं, पण ओढा आमच्या रानाला लागून नाही. मध्ये तिघांची रानं. त्यांच्यातून पाइप न्यायला होकार मिळवण्यात पाच वर्षं गेली. तिघांचीही जमीन थोडीफार बिघडलेलीच होती, तरी प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याचं मीठ माझ्या रानातून का जावं. शेवटी चौघांनी मिळून खर्च केला तेव्हा चौघांचीही रानं सुधारली. पाइपाच्या तोंडातून पहिल्यांदा पाणी पडलं तेव्हा आण्णांनी ओंजळ धरून ते चाखलं आणि थुंकून टाकलं. तोंड वाकडं करून ते हसत होते. पुढच्या वर्षी तिथे गहू झाला, त्याच्या पुढच्या वर्षी ऊस.

रविवारी गावी गेलो तेव्हा लॅपटॉप आण्णांपुढे ठेवला. आधीचं रान दाखवलं, मग आताचं. त्यांनी चष्मा लावून चर शेवटपर्यंत बघितला. बोटानं स्क्रीनवर वळणं मोजत गेले.

"भायेरचं पाणी कुणाच्या रानातनं काढलंस?"

"कुणाच्याच नाही, आण्णा. नकाशा तिथं संपतो."

"मग सोपं हाय," ते म्हणाले, आणि ओकाची झाडं किती वाढलीत ते दाखव म्हणाले.